आईचं मूकवाचन

आई वाचते तेव्हा तिचे ओठ हलतात. पेपर असो, औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो, नाहीतर सोसायटीच्या फळ्यावर लावलेली पाणी बंद असल्याची सूचना असो, डोळे पुढे जातात तसे ओठही जातात आणि त्यातून बारीक कुजबुज येत राहते. हिशेब करताना तर ती डोळे मिटते, मान जराशी डोलायला लागते आणि पाढा सुरू होतो. सात आठे छप्पन्न. ते छप्पन्न सापडेपर्यंत तिच्याशी बोलायचं नसतं. लहानपणापासून मी हे इतकं ऐकलं होतं की मला ते ऐकूच येत नसे. पंखा चालू असला की काही वेळाने पंख्याचा आवाज जातो, तसं. त्यामुळे हे ओठ एक दिवस आमच्या घराचा प्रश्न होऊन बसतील असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरं तर दुसऱ्यांचे ओठ बघणं हीच तेव्हा माझी नोकरी होती.

आई बदलापूर पूर्वेला एका खाजगी मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. आम्ही कात्रपला राहतो, शाळा घरापासून चालत जाण्याएवढी. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर आहेत. मला मात्र दोघांनी ठरवून इंग्रजी शाळेत घातलं. मराठी शाळेतल्या बाईंची मुलगी इंग्रजी शाळेत, यावर शेजारी बोलायचे. आई म्हणायची, "मी शिकवते ते माझं काम आहे. तिने काय शिकायचं ते तिचं नशीब आहे, ते मी चांगलंच लिहिणार."

आमच्या शाळेत गप्प बसण्याला फार मान होता. लायब्ररीचा तास असायचा आणि त्या तासाला कुणाचे ओठ हलले तर टीचर बाकावर पट्टी आपटायच्या. वाचायचं ते डोळ्यांनी, तोंडाने नाही. आईच्या शाळेतही "हाताची घडी, तोंडावर बोट" होतंच, पण तिथे ते बोट फार वेळ टिकायचं नाही. जरा वेळाने सगळा वर्ग पाढे म्हणायला लागायचा आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. माझं बोट तोंडावर गेलं ते राहिलंच. चौथीच्या प्रगतिपुस्तकात माझ्याबद्दल शेरा होता, फार शांत मुलगी. आईने तो इंग्रजी शेरा आधी पुटपुटत स्वतः वाचला, मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ती इतकी खूश होती की त्या दिवशी शिरा केला.

आईला यंत्रांची भीती कधीच नव्हती, हे आधी सांगायला हवं, कारण नंतर लोक तसं म्हणाले. ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या वर्गात मण्यांची चौकट होती आणि डांबरगोळ्या घालून गुंडाळून ठेवलेले चित्रतक्ते. मग कवितांच्या कॅसेटसाठी टेपरेकॉर्डर आला. त्याचा पट्टा सैल झाल्यावर कविता संथ वाजायला लागली, आणि मुलं ती कविता तशीच रडल्यासारखी म्हणायला शिकली, ती टेप बंद झाल्यावरही. मग कुलपाच्या लोखंडी कपाटातला टीव्ही. मग कॉम्प्युटरची खोली, जिथे चपला बाहेर काढून जायचं आणि एका कॉम्प्युटरपुढे तिघांनी बसायचं. माऊस एकाच्या हातात, बाकीचे दोघं त्याला ओरडून सांगणार. त्या कॉम्प्युटरवरच्या खोळी आईने आणि तिच्या मैत्रिणींनी आमच्या जुन्या पडद्यांच्या शिवल्या होत्या. मग प्रोजेक्टर, मग लॉकडाऊनमधला मोबाईल, मग पुस्तकातले चौकोनी कोड स्कॅन करणं. प्रत्येक यंत्र आलं की नारळ फुटायचा, कुंकू लागायचं आणि संस्थेचं कुणीतरी भाषण करायचं की आता बाईंचं काम सोपं होणार. आई मनापासून टाळ्या वाजवायची.

स्मार्ट बोर्ड आला त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं. पाट्यांवर सरस्वती काढून झाल्या. मग आईला वाटलं, बोर्ड म्हणजे तरी मोठी पाटीच की. तिने झेंडूचा हार आणून बोर्डाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना अडकवला. हार पडद्यापुढे लोंबायला लागला आणि बोर्डाला वाटलं कुणीतरी बोट लावतंय. वाऱ्याने हार हलला की पडद्यावर आपोआप पिवळी रेघ उमटायची. मुलं किंचाळायला लागली, "बाई, देवी लिहितेय!" आई हसून खुर्चीत बसली. घरी आल्यावर तिने हे आम्हाला दोनदा सांगितलं. त्या बोर्डाशी तिचं शेवटपर्यंत चांगलं जमलं. बोर्डावर गाणं लागायचं, मुलं त्याच्याबरोबर म्हणायची, आणि आई डोळे मिटून ऐकायची. तेवढ्या कल्लोळात कुणाचं चुकतंय ते तिला कळायचं. ती म्हणायची, "यंत्र कुठलंही आणा. पोरं तोंडाने म्हणायला लागली की मला कळतं कुणाला येतंय नि कुणाला नाही."

मग संस्थेचा नियम निघाला. सगळ्या शिक्षकांनी डिजिटल अध्यापनाची एक ऑनलाइन परीक्षा पास व्हायची. घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर, आणि दोनदाच देता येणार. जे पास होणार नाहीत त्यांना जूनपासून वर्ग मिळणार नाही, दुसरं काहीतरी काम देऊ. शाळेत आईला मुलांखेरीज दुसरं काही नको होतं. ती म्हणाली, "वर्ग नाही म्हणजे मी तिथे जाऊन काय करू? खुर्च्या मोजू?"

मी त्या वेळी उल्हासनगरला कामाला होते. फर्निचरच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर रंधा चालायचा आणि आमच्या की-बोर्डवर भुसा बसायचा. काम असं होतं: ठिकठिकाणी लोक घरून परीक्षा देतात, कॅमेरा त्यांचं चित्रण करतो, आणि सॉफ्टवेअरला जिथे संशय येतो तेवढा तुकडा आमच्याकडे येतो. नजर बाहेर गेली, खोलीत दुसरा चेहरा दिसला, ओठ हलले. तुकडा बघायचा आणि तीनपैकी एक बटण दाबायचं: ठीक, गैरप्रकार, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हटलं की तो सुपरवायझरकडे जायचा. बहुतेक तुकड्यांना आवाज नसायचा. मला ते काम आवडायचं, असं म्हटलं तर विचित्र वाटेल. पण कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मी दिवसभर लोकांच्या खोल्या बघायचे. कपाटावर रचलेल्या बॅगा, दोरीवरचे टॉवेल, मागून वाकून जाणारी एखादी आई, आपण दिसू नये म्हणून.

त्यामुळे आईच्या परीक्षेची खोली मी तयार केली. शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवला. कपाटाच्या आरशावर चादर लावली, कारण आरशातला चेहरा म्हणजे दुसरा माणूस. मग भिंतीवरचा आजोबांचा फोटो आणि लक्ष्मीचं कॅलेंडर काढायला लागले.

"देव कशाला काढतेस गं?" आई म्हणाली.

"सॉफ्टवेअरला तो चेहरा वाटतो, आई. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं."

बाबा दारात चहा पीत उभे होते. "चार हात आहेत तिला," ते म्हणाले, "पण एकाही हातात चिठ्ठी नाही. नीट बघून घे."

"तुम्ही गप्प बसा. अहो, आणि परीक्षेच्या वेळी खाली जा. उगाच तुमचं घोरणं माझ्या पेपरात नको."

दिवाळीच्या सुट्टीत तिने परीक्षा दिली. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर ती लसूण सोलत बसली होती आणि चेहरा उजळलेला. "सोपा होता गं. दोन उतारे होते, थोडं गणित, बाकी ते बोर्डाचं. पडद्यावर लगेच मार्क आले, पास आहे म्हणून." तिने आजोबांचा फोटो परत लावून त्याला नमस्कारही केला होता.

काही दिवसांनी तिच्या मोबाईलवर मेल आली. ती तिने मला वाचायला दिली, कारण इंग्रजीत होती. परीक्षा रद्द. कारण: परीक्षेदरम्यान बोलणे, अन्य व्यक्तीशी संपर्काचा संशय. पुढे लिहिलं होतं की एक संधी शिल्लक आहे.

मी वाचून दाखवलं आणि त्याच क्षणी मला तो तुकडा दिसला. आवाज नसलेला. पांढऱ्या भिंतीसमोर माझी आई, डोळे मिटलेले, मान डोलतेय, ओठ हलतायत. तीन बटणं. मी आरसा झाकला होता, लक्ष्मी काढली होती. ओठ राहिले होते.

"मी कुणाशी बोलले?" आई म्हणाली. "घरात कोणी नव्हतंच."

"तू वाचत होतीस, आई. पुटपुटत."

"मग? न वाचता कशी देतात परीक्षा?"

शाळेत कळायला वेळ लागला नाही. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चांगल्या आहेत. त्यांनी आईला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मला माहितीय हो तुम्ही कशा आहात. पण संस्थेकडे रिपोर्ट गेलाय, माझ्या हातात नाही." शिक्षकांच्या खोलीत मात्र नव्याने लागलेल्या एकीने डबा खाता खाता विचारलं, "काय बाई, कुणाला विचारत होता? आम्हालाही द्या ना नंबर." सगळ्या हसल्या. आईही हसली म्हणे. वर्षानुवर्षं मुलांच्या तळहातावरची निळी अक्षरं शोधून काढणारी माझी आई कॉपीत धरली गेली होती. हे तिने भाजी ढवळता ढवळता, माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी कंपनीला मेल लिहिली. मला येत असलेलं सगळं चांगलं इंग्रजी त्यात घातलं. की उमेदवार प्राथमिक शिक्षिका आहेत, त्यांना आवाज न करता वाचायची सवय नाही, खोलीत कोणी नव्हतं, चित्रण पुन्हा बघावं. उत्तर आलं की प्रशिक्षित व्यक्तीने तपासणी केलेली आहे, निर्णय कायम आहे. ती कंपनी आमची नव्हती, पण ती प्रशिक्षित व्यक्ती मला चांगली माहीत होती. तिच्या कानात हेडफोन असणार, शेजारी डबा असणार आणि पुढचा तुकडा रांगेत उभा असणार.

आई म्हणाली, "तुझ्याच लाईनचे ना गं ते? तू सांगून बघ ना कुणाला."

सांगायला कोणी नव्हतं. तरी मी आमच्या सुपरवायझरला विचारलं. आई आहे हे सांगितलं नाही. मी ऑफिसात घरचं काही बोलत नसे. तो उल्हासनगरचाच, सिंधी, माझ्यापेक्षा थोडा मोठा, सगळ्यांशी हसून बोलणारा. माझ्या पडद्यावर तेव्हा एक मुलगा होता, कुठल्यातरी गावातल्या घरात, मागे मक्याची कणसं टांगलेली, आणि तोही पुटपुटत होता.

"सर, हा वाचतोय फक्त. बघा ना, डोळे पडद्यावरच आहेत."

तो वाकून बघत म्हणाला, "हो सकता है. भगवान का नाम ले रहा होगा, गाना गा रहा होगा. अपन को क्या मालूम? होठ हिले ना?"

"हिले."

"बस. मॅडम, आपण माणूस बघत नाही, होठ बघतो. माणूस बघायला गेलो तर शाम तक एकच क्लिप चलेगी."

तो वाईट माणूस नव्हता. खांद्यावरचा भुसा झटकून पुढच्या टेबलाकडे गेला. मी त्या मुलाला ठीक दिलं. त्यानंतर जे जे नुसते वाचताना दिसले त्या सगळ्यांना मी ठीक देत गेले. दुसऱ्या महिन्यात मला त्या कामावरून काढून ओळखपत्रांवर बसवलं. ओळखपत्रावरचा चेहरा आणि कॅमेऱ्यातला चेहरा एकच आहे का ते बघायचं. तिथे ओठ मिटलेलेच असतात.

राहिला एकच मार्ग. आईला ओठ न हलवता वाचायला शिकवणं.

मी तिचं चित्रण करून तिलाच दाखवलं, तिथून सुरुवात झाली. तिला पेपरातली बातमी वाचायला दिली आणि मोबाईल समोर ठेवला. चित्रण बघताना ती पुढे वाकली. "मी अशी करते?" तिने विचारलं. "नेहमी?" मग तिने ते पुन्हा लावून पाहिलं. "ती बाई ठाण्याच्या बसस्टॉपवर बसते ना गं, एकटीच बोलत, तशी दिसतेय मी."

"मास्क लावून बसले तर?" तिने विचारलं.

"चेहरा दिसावा लागतो."

"मग तोंडात वेलची धरू?"

"चावताना हलतात."

बाबा म्हणाले, "हिचं तोंड बंद करायचंय? मला लग्न झाल्यापासून जमलं नाही. तुमच्या सॉफ्टवेअरला जमलं तर त्याला हार घालतो."

"घाला. झेंडूचा घाला," आई म्हणाली. त्या काळात ती हसली ते तेवढंच.

तिच्या शिकवण्याच्या शास्त्रात याला नावं आहेत. प्रकटवाचन आणि मूकवाचन. पाठाच्या टाचणात ती स्वतः लिहायची: मूकवाचन घेणे. पण तिच्या वर्गातलं मूकवाचन म्हणजे सगळी मुलं एकदम हळू आवाजात गुणगुणतायत, असं. ते तिला चालायचं. त्याला ती मूकच म्हणायची.

आता मी तिची टीचर झाले. संध्याकाळी कामावरून आले की आम्ही शिलाई मशीनपुढे बसायचो. मी तिला सांगितलं, जीभ दातांच्या मागे टेकवून ठेव, नाकाने श्वास घे, ओठ एकमेकांवर नुसते ठेव, आवळू नकोस. मला हे सगळं माहीत होतं, कारण मी स्वतः कधीतरी असंच शिकले असणार. ती मन लावून करायची. पोळ्या लाटताना ओट्याला टेकवून ठेवलेला पेपर मिटल्या तोंडाने वाचायची. शाळेतून येताना दुकानांच्या पाट्या तशाच वाचायची. ओठ हलले की मी पट्टीने टेबलावर हळूच टकटक करायचे. पट्टी तिचीच होती, लाकडी, शाळेतली.

हळूहळू ओठ थांबले. मला आनंद झाला. एका संध्याकाळी मी तिला एक उतारा दिला, एका गावाने विहीर साफ केल्याची गोष्ट होती. तिने पूर्ण वाचला, ओठ जराही न हलता. मी विचारलं, "विहिरीत काय सापडलं त्यांना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उताऱ्याकडे. "वाचलं गं," ती म्हणाली. "पण मला ऐकू नाही आलं."

मी म्हटलं, सवय होईल. तिने पुन्हा वाचलं. या वेळी थोडं समजलं होतं, पण एवढ्याशा उताऱ्याला इतका वेळ लागला की कुकर होऊन थंड झाला. गणिताचं तर आणखी अवघड. पाढा तोंडात नसला की तो तिला कुठेच सापडत नव्हता. ती बोटांनी मांडीवर ताल धरायची, मी म्हणायचे, खांदा हलतोय आई. ती बोटं थांबवायची आणि मग आकडाही थांबायचा. मार्चपर्यंत आम्ही हे करत राहिलो. ती एकदाही कंटाळले म्हणाली नाही. मीही नाही. तोंड उघडलं तर पेपर रद्द होणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. दुसरं काही शिकवण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

दुसरी परीक्षा रविवारी होती. शाळेत तपासणी असते तेव्हा नेसते तशी इस्त्रीची साडी तिने नेसली, केस विंचरले. शेजारच्यांना सांगून ठेवलं होतं की मिक्सर लावू नका. मी चादर लावली, फोटो काढला, कॅलेंडर काढलं. दार लावून घेतलं. बाबा आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं. आई घरात जागी आहे आणि तिचा आवाज नाही, असं मी कधी ऐकलं नव्हतं. ती आजारी असली तरी कण्हते, झोपेतसुद्धा हाका मारते. बाबा एकदा दाराकडे बघून म्हणाले, "आहे ना गं आत?" मग स्वतःच उठून पाणी प्यायले.

ती बाहेर आली तेव्हा खालच्या ओठावर दातांची खूण होती. आवळू नकोस असं मी सांगितलं होतं, तरी.

"हलले नाहीत," ती म्हणाली.

"एकदाही?"

"एकदाही नाही." मग ती पिढ्यावर बसली आणि पदराने तोंड पुसलं. "शेवटचे बरेच राहिले. वेळच संपला. एक उतारा तर मी चार वेळा वाचला असेन, पण प्रश्नाकडे आले की पुसून जायचा. गणिताचं मी अंदाजाने टिक करत गेले. पडद्यावर मार्क आले असतील, मी न बघताच बंद केलं."

"काही नाही," बाबा म्हणाले. "जेवू या."

निकालाची मेल या वेळीही इंग्रजीत होती. तपासणीत आक्षेपार्ह काही आढळले नाही. परीक्षा वैध. अनुत्तीर्ण. मी वाचून दाखवलं तेव्हा तिने पहिलं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. "म्हणजे कॉपी नाही म्हणतायत ना आता?"

"नाही म्हणतायत."

"ते शाळेत दाखवता येईल," ती म्हणाली आणि मोबाईल उपडा ठेवला. दिवाळीच्या परीक्षेत ती पास होती, पण ती परीक्षा धरली गेली नाही. जी धरली गेली तिच्यात ती नापास होती. या दोन्ही गोष्टी एका वेळी डोक्यात ठेवायला मला अजून जड जातं.

जूनमध्ये तिसरीचा वर्ग त्या नव्या बाईंना मिळाला. आईला शाळेने काढलं नाही. तिला स्मार्ट क्लासची सहायक केलं. वर्ग त्या खोलीत आला की बोर्ड चालू करायचा, बाई सांगतील तो धडा लावायचा, मागे उभं राहायचं, मुलं दंगा करणार नाहीत असं बघायचं, तास संपला की बोर्ड बंद करून पडदे सारायचे. मोठ्या बाईंनी तिला हे सांगताना तिचा हात धरला होता. आई म्हणाली, "त्यांचा हात गार होता. एसीमुळे असेल."

घरात फरक पडायला वेळ लागला नाही. ती पेपर आता मिटल्या तोंडाने वाचते. वाचते का नुसती बघते, मला माहीत नाही. मी विचारत नाही. बाबांनी एकदा तिला विचारलं, "आज काय आलंय पेपरात?" तर ती म्हणाली, "नेहमीचंच." पूर्वी बाबांना पेपर उघडावाच लागायचा नाही. ती वाचायची आणि त्यांना फुकट ऐकू यायचा.

जुलैत एकदा ती चष्मा घरी विसरली. मला दुपारची पाळी होती, म्हणून मी शाळेत नेऊन द्यायला गेले. शिपाई म्हणाले, वर आहेत, स्मार्ट क्लासमध्ये, जा. त्या खोलीला एसी असल्यामुळे दार बंद होतं. दाराला मध्ये काच आहे. मी काचेपाशी थांबले. मला असं थांबायची सवय आहे.

आतला आवाज बाहेर येत नव्हता. बोर्डावर आकडे नाचत होते, पाढ्यांचा धडा असावा. पुढची मुलं बोर्डाबरोबर तोंडं हलवत होती. नव्या बाई टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. बोर्डाच्या वर एक छोटा कॅमेरा आहे, त्याचा हिरवा दिवा लागलेला. आई सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी होती, हातात रिमोट, आणि तिचे ओठ एकमेकांवर ठेवलेले होते. आवळलेले नाही. मी शिकवलं तसे.

मग बोर्डावरचे आकडे जाऊन चित्रांचं पान आलं. मुलांची तोंडं मिटली. ते पान मनात वाचायचं असावं. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिचे ओठ अजून हलत होते. तिने डोळे मिटले होते आणि मान किंचित डोलत होती. मागचा पाढा तिच्या तोंडात राहिला होता, तो ती संपवत होती.

आईने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती वाकून कान देईल, तिचं बरोबर येतंय का ते ऐकेल. ती वाकलीसुद्धा. पण वाकण्याआधी तिने वर बोर्डाकडे, त्या हिरव्या दिव्याकडे एकदा नजर टाकली. मग तिने हात पुढे केला आणि एक बोट त्या मुलीच्या ओठांवर हलकेच ठेवलं.

मुलीने डोळे उघडले. तिचे ओठ थांबले. आईने बोट काढून घेतलं, तिच्या वेणीवरून हात फिरवला आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात तिला काचेत मी दिसले. मी चष्म्याची डबी वर करून दाखवली. तिने मानेने खाली खुणावलं, की शिपायाकडे ठेव. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण काच होती आणि वर्ग चालू होता. मी खाली येऊन डबी शिपायांच्या टेबलावर ठेवली आणि कामाला गेले.